पस्तीस सोडवले, एकोणीस बरोबर

(खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहे.)

"दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होते. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, गणितात ९१ पडले. मग बेळगावला सायन्स घेतलं आणि फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला, गणितात ५४ वर आले. आता सेकंड पीयूला आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. कॉलेजनं सीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, सराव पेपर घेतला, त्यात गणिताच्या ६० पैकी ३५ प्रश्न सोडवून झाले आणि वेळ संपला. बरोबर आले १९. सर फळ्यावर करतात तेव्हा सगळं कळतं, घरी वही उघडली की पहिली ओळच सुचत नाही. मैत्रिणी शॉर्टकट शिकवणाऱ्या क्लासला जातात, फी ऐंशी हजार. बाबा सोसायटीतून कर्ज काढतो म्हणतात. कोल्हापूरचा मामेभाऊ म्हणतो महाराष्ट्राची सीईटी दे, एक सर म्हणतात देशपातळीवरची जेईई दे, कुणी म्हणतं खासगी कॉलेजांची कॉमेडके भर. मराठी माध्यमामुळे माझं गणित कच्चं राहिलं असं सगळ्यांचं मत आहे, मलाही तसंच वाटतं. यंदा क्लास लावू, की यंदा फक्त बोर्डाचं बघून पुढच्या वर्षी ड्रॉप घेऊ?"

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू जाता जाता लिहून गेलीस. पस्तीस सोडवले, एकोणीस बरोबर. यावरून तू निष्कर्ष काढलास की आपण हळू आहोत, म्हणून वेग शिकवणारा क्लास हवा. मी तोच आकडा वाचतो तेव्हा मला वेगाच्या आधी ते चुकलेले सोळा दिसतात. वेळ घेऊन, डोकं लावून, उत्तर आलं असं समजून तू सोळा गोल काळे केलेस आणि ते चुकीचे निघाले. याबद्दल पत्रात एक शब्द नाही.

आकडेच मांडून बघू. समज, क्लासनं जादू केली आणि तू साठच्या साठ प्रश्न सोडवू लागलीस, पण चुकण्याचं प्रमाण आहे तेच राहिलं. मग बरोबर येतील बत्तीस-तेहतीस. आता दुसरी बाजू बघ. वेग आहे तोच, प्रश्न पस्तीसच, फक्त सोळापैकी निम्म्या चुका थांबल्या. झाले सत्तावीस. उरलेल्या पंचवीस प्रश्नांत डोळे मिटून जरी खुणा केल्यास, तरी चारात एक या हिशेबानं सरासरी सहा लागतात. नशीब रुसलं तर तीन, खूश झालं तर नऊ. म्हणजे पुन्हा तेहतीस. ऐंशी हजार खर्चून जिथं पोचायचं, तिथंच.

ते पंचवीस गोल तू कोरे का सोडलेस, हेही मला कळलेलं नाही. कर्नाटकच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्राच्या सीईटीत नाही, कॉमेडकेतही नाही. कापतात ते जेईई मेनमध्ये, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्याला वजा एक. बहुतेक मुलं जेईईचे व्हिडिओ बघून ही भीती सीईटीला घेऊन येतात. सीईटीत एकही गोल कोरा ठेवायचा नाही. हा नियम शिकायला फी लागत नाही.

आता त्या सोळांकडे. येत्या रविवारी तो पेपर काढ आणि घड्याळ न लावता ते सोळा प्रश्न पुन्हा सोडव. उत्तरपत्रिका बघू नकोस. माझा अंदाज असा की त्यातले पाच-सहा तुला सहज येतील आणि तुझाच तुला राग येईल. हे प्रश्न येत होते, घाईत गेले. उदाहरणार्थ, तीन बाय तीनचा एक मॅट्रिक्स आहे, त्याचा डिटरमिनंट ५. मग त्या मॅट्रिक्सच्या दुपटीचा डिटरमिनंट किती? घाईत हात १० वर जातो, आणि पर्यायात १० असतोच, कारण पेपर काढणाऱ्याला तुझा हात कुठे जाणार हे ठाऊक असतं. तिन्ही ओळींतून दोन-दोन बाहेर येतात, म्हणून उत्तर ४०. किंवा साइन इन्व्हर्स ऑफ साइन १२० अंश. साइन आणि इन्व्हर्स कापले, उत्तर १२०, असं पन्नासातली तीस मुलं करतात. साइन इन्व्हर्सचं उत्तर उणे ९० ते ९० याच्या बाहेर जाऊच शकत नाही, म्हणून ६०. किंवा उणे १ पासून २ पर्यंत मॉड एक्सचं इंटिग्रेशन. मॉड विसरून केलं तर दीड येतं. शून्यापाशी दोन तुकडे केले तर अडीच. तिन्ही गोष्टी पुस्तकात आहेत, तिन्ही तू केलेल्या आहेत.

दुसरे चार-पाच असे निघतील की मुळात गोष्टच माहीत नाही किंवा अर्धवट माहीत आहे. त्यांच्यापुढे धड्याचं नाव लिही. आणि काही प्रश्न नीट वाचलेच नव्हते असं दिसेल. 'यापैकी कोणतं खरं नाही' यातला 'नाही' सुटला, 'ॲट लीस्ट वन' म्हटलं होतं आणि तू 'एक्झॅक्टली वन' सोडवलंस. प्रोबॅबिलिटीत 'ॲट लीस्ट वन' दिसलं की एकही नसण्याची शक्यता काढून ती एकातून वजा करायची. दोन ओळींचं काम. पण आधी ते शब्द दिसायला हवेत. अशा शब्दांखाली पेनानं रेघ मारायची सवय आजपासून लाव, कॉलेजच्या टेस्टमध्येसुद्धा.

एक वही फक्त या चुकांची कर. सुंदर अक्षरात गणितं उतरवून काढायची नाहीत. प्रश्न एका ओळीत, मी काय केलं, कुठं घसरले. बास. चार-पाच पेपर झाले की तुझ्या लक्षात येईल की तू पन्नास तऱ्हांनी चुकत नाहीस. सात-आठ तऱ्हांनीच चुकतेस, पुन्हा पुन्हा. ही यादी कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये मिळणार नाही, कारण ती तुझी आहे.

मराठी माध्यमाचं म्हणशील तर 'सगळ्यांचं मत' मला अर्धंच पटतं. एसएसएलसीचं गणित आणि फर्स्ट पीयूचं गणित यांत मोठी उडी आहे. दहावीत पद्धत ओळखली की गणित सुटतं. अकरावीला ट्रिगनॉमेट्रीची फंक्शन्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन, लिमिट असं सगळं एकदम अंगावर येतं. टिळकवाडीतल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या तुझ्या वर्गातल्या मुलांचे गुण विचार. तीही घसरलेली असतात, फक्त त्यांना माध्यमाला दोष देता येत नाही.

तुझ्या बाबतीत खरी अडचण मला वेगळी दिसते. फर्स्ट पीयूचे पहिले चार-पाच महिने तू भाषा, बस, नवं शहर आणि नवा वर्ग यांत घालवलेस, आणि नेमके त्याच महिन्यांत सेट्स, फंक्शन्स आणि ट्रिगनॉमेट्री शिकवून झाली. म्हणजे कच्चं राहिलंय ते दोन-तीन धड्यांपुरतं. ते कुठले, हे नावानिशी सांगता येतं. भाषेचा प्रश्न आता जवळजवळ संपलाय. तू सेकंड पीयूला इंग्रजीतूनच शिकतेस, इंग्रजीतूनच लिहितेस. पण ते धडे तसेच मागे राहिलेत आणि सीईटी दोन्ही वर्षांवर असते. शिवाय ट्रिगनॉमेट्रीचे फॉर्म्युले हाताशी नसतील तर सेकंड पीयूचं निम्मं इंटिग्रेशन अडतं, आणि तुला वाटतं इंटिग्रेशन येत नाही. म्हणून पहिला महिना नव्या धड्यांसोबत रोज अर्धा तास फक्त अकरावीचा: ट्रिगनॉमेट्री, मग फंक्शन्स, मग सरळ रेषा, मग लिमिट, मग परम्युटेशन-कॉम्बिनेशन. याच क्रमानं, कारण सेकंड पीयूचं बरंचसं पहिल्या दोनांवर उभं आहे.

याच ओघात एक सावधगिरी. जेईई मेनचा पेपर मराठीतूनही मिळतो हे ऐकून काहींना हायसं वाटतं. पण तुझ्यासारख्या, दोन वर्षं इंग्रजीतून कंटिन्युइटी आणि डेरिव्हेटिव्ह शिकलेल्या मुलीला 'सांतत्य' आणि 'विकलज' वाचून उलट थांबावं लागेल. आणि भाषांतरात शंका आली तर तिथं इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. कर्नाटकची सीईटी इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते. महाराष्ट्राच्या सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, पण गणित इंग्रजीतच. तेव्हा ज्या भाषेत सराव, त्याच भाषेत पेपर.

'सर करतात तेव्हा कळतं, घरी सुचत नाही.' हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. आखाड्याच्या कडेला बसलेल्या प्रत्येकाला डाव कळत असतो. फळ्यावरचं गणित बघताना पुढची पायरी सर सुचवतात आणि तू मान डोलावतेस, पण परीक्षेत पहिली पायरीच तुझी तुला शोधायची असते. यावर उपाय कंटाळवाणा आहे. आज वर्गात जी तीन-चार गणितं झाली, तीच आज रात्री वही बंद ठेवून कोऱ्या कागदावर करायची. अडलीस तर वही उघडून फक्त एक ओळ बघायची आणि लगेच मिटायची. पीयूला गणिताचं पुस्तक एनसीईआरटीचंच आहे. त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांचं उत्तर हातानं झाकून आधी स्वतः प्रयत्न कर आणि धड्याच्या शेवटची मिसलेनियस एक्सरसाइज सोडू नकोस. शिक्षक वेळेअभावी ती गाळतात. सीईटीचे जरा वाकडे प्रश्न त्याच धाटणीचे असतात.

आता 'यंदा बोर्ड, पुढच्या वर्षी सीईटी' या बेताबद्दल. हे दोन वेगळे अभ्यास आहेत असं तू धरून चालली आहेस. कर्नाटकात इंजिनिअरिंगची रँक लावताना पीयूचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे निम्मे आणि सीईटी निम्मी असा हिशेब असतो. बोर्डाचे ३०० गुण आणि सीईटीचे १८०, दोघांचं वजन सारखं. म्हणजे सीईटीतला एक प्रश्न बोर्डाच्या साधारण पावणेदोन गुणांएवढा पडतो. दोन्हीकडे पुस्तक तेच आहे. म्हणून एकेक धडा बोर्डाच्या पद्धतीनं, पायऱ्या लिहून, पूर्ण कर आणि त्याच आठवड्यात त्याच धड्याचे पंचवीस-तीस पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडव. मार्चनंतर सीईटीचा अभ्यास सुरू करायला वेळच उरत नाही. ड्रॉपला माझा ठाम नकार आहे. आत्ता ऑगस्ट चाललाय, पेपर एप्रिलमध्ये. आठ महिने हातात असताना पुढच्या वर्षाचा विचार म्हणजे या वर्षाला आधीच सुट्टी देणं. पीयू बोर्ड आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा घेतं आणि त्यातले चांगले गुण धरतं, त्यामुळे मार्चात एखादा पेपर बिघडला तरी सगळं संपत नाही.

सराव पुस्तकं घेताना मात्र जपून. एनसीईआरटीनं मध्यंतरी बराच भाग वगळला: मीन व्हॅल्यू थिअरम, बायनरी ऑपरेशन्स, अकरावीचं मॅथेमॅटिकल इंडक्शन. २०२४ च्या सीईटीत असे वगळलेल्या भागातले प्रश्न आले, मोठा गदारोळ झाला आणि शेवटी चारही विषयांतले मिळून पन्नास प्रश्न बाजूला काढून निकाल लावावा लागला. दादानं वापरलेलं जुनं गाईड मिळालं तर आनंदानं घे, पण आधी चालू अनुक्रमणिकेशी ताडून बघ आणि नको ते पानंच्या पानं खोड.

शॉर्टकटबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. खरे शॉर्टकट असतात, पण ते गणित समजल्यावर आपोआप दिसतात. इंटिग्रेशनचा प्रश्न अडला तर चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून बघ, एखादं जुळेल. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर पर्यायातून उलटं ताडता येतं. आयडेंटिटी असेल तर सोयीची किंमत घालून तीन पर्याय उडवता येतात. यात गुपित काही नाही. ज्याला डेरिव्हेटिव्ह पक्कं येतं त्यालाच ही युक्ती वापरता येते, एवढंच.

वेगाचा प्रश्न खोटा नाही. साठ प्रश्नांना ऐंशी मिनिटं, म्हणजे एकाला ऐंशी सेकंद, आणि तुला सध्या सव्वादोन मिनिटांच्या वर लागतात. पण तू बहुधा पहिल्यापासून ओळीनं सोडवत गेलीस आणि मधल्या दोन-तीन अवघड गणितांनी तुझी पंधरा मिनिटं खाल्ली. पुढचा सराव पेपर असा दे: पहिली पंचेचाळीस मिनिटं, वाचताच रस्ता दिसतो तेवढेच प्रश्न. पुढची पंचवीस मिनिटं, रस्ता दिसतो पण लांबचा आहे असे. शेवटची दहा मिनिटं राहिलेले गोल भरायला आणि क्रमांक जुळतात ना हे बघायला. कर्नाटकची सीईटी कागदावर, ओएमआर शीटवर असते. एक गोल घसरला की खालची रांग घसरते, म्हणून पानागणिक गोल भरत जा, सगळे शेवटाला ठेवू नकोस. असा पूर्ण पेपर दिवाळीपर्यंत पंधरवड्यातून एक, पुढे आठवड्याला एक. त्याहून जास्त नको. पेपर देण्यापेक्षा तो तपासायला जास्त वेळ लागला पाहिजे.

खानापूरच्या बसमध्ये उभ्यानं गणित होत नाही, ते करूही नकोस. चुकांची वही मात्र वाचता येते. मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे तुझं तिकीट वाचतं, तर प्रवासाचा हा एक उपयोग होऊ दे.

मग परीक्षा कुठल्या? मामेभाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे, पण त्यानं अर्धी गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात प्रवेशासाठी वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा वेगळा 'ई' प्रकार आहे, ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव असेल तर तुला तिथं राज्यातलीच उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. सांगलीचं वालचंद किंवा कोल्हापूरचं केआयटी तुला घरापासून फार लांबही नाही. पण तिथं गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. कर्नाटकात तेच १८० पैकी ६०. गणितात डळमळीत असलेल्या मुलीला कुठली परीक्षा जास्त टोचेल, तूच बघ. शिवाय तिथं बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते, गुणवत्ता सीईटीवरच. जमेची बाजू म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात आणि अकरावीचा भाग फक्त वीस टक्के. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, मॅथेमॅटिकल लॉजिक असे काही धडे तुझ्या पुस्तकात नाहीत, ते बोर्डाची परीक्षा संपल्यावर वेगळे करावे लागतील. तेवढी तयारी असेल तर ही दुसरी परीक्षा म्हणून जरूर दे.

जेईई सोड. ती वाईट नाही, पण तिचा स्वभाव वेगळा आहे, आणि अकरावीचे धडे राहिलेले असताना ती तुला फक्त आपल्याला काही येत नाही हे महिन्यातून दोनदा सांगेल. कॉमेडकेचा फॉर्म भरण्याआधी बाबांबरोबर बसून त्या खासगी जागांची फी बघ. ती झेपणार नसेल तर परीक्षा कशाला?

क्लासबद्दल आता बोलता येईल. दसऱ्यापर्यंत कर्ज काढू नका. तोवर तीन-चार पेपर होतील आणि चुकांची वही भरेल. ती घेऊन कॉलेजच्या गणिताच्या सरांना स्टाफरूममध्ये गाठ. 'सर, गणित येत नाही' म्हणणाऱ्या मुलांना काय सांगावं हे त्यांनाही सुचत नाही. 'सर, डेफिनिट इंटिग्रलमध्ये मॉड आला की माझं चुकतं' म्हणणाऱ्या मुलीसाठी ते दहा मिनिटं नक्की काढतील. त्यानंतरही दोन-तीन धडे हलत नसतील तर तेवढ्याच धड्यांपुरती ट्युशन शोध. शहापूर-वडगावकडे घरी शिकवणारे जुने प्राध्यापक असतात, विचारलं की पत्ता मिळतो. पूर्ण वर्षाचा क्लास लावायचाच ठरला तर पैसे भरण्याआधी एकच विचारायचं: टेस्ट झाल्यावर माझा पेपर माझ्यासोबत कोण बसून बघणार? एका हॉलमध्ये शंभर मुलं असतील तर उत्तर तुला हॉलमध्ये शिरतानाच कळेल.

बाबांना काही करायचंच असेल तर त्यांना कागदांच्या मागे लाव. तू पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकली आहेस. कर्नाटकच्या सीईटी प्रवेशात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के जागा असतात, त्याचा दाखला शाळेकडून घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात सही करून आणावा लागतो. महाराष्ट्राच्या 'ई' प्रकारासाठी गाव वादग्रस्त भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन वेगळे दाखले लागतात. ही कामं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घ्या. एप्रिलमध्ये ऑफिसबाहेर रांगा असतात आणि तेव्हा तुला घरी बसून पेपर सोडवायचे असतील.